एसी कॉम्प्रेसर का झिजतो? नव्या मेकॅनिकसाठी तेलाचा हिशेब

गाडीचा एसी कॉम्प्रेसर जाम होऊन आला की गॅरेजमधला नवा मुलगा आधी बेल्ट बघतो, मग क्लच (बेल्टची पुली शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग), आणि मग नव्या कॉम्प्रेसरचा भाव विचारायला फोन उचलतो. मी त्याच्या हातात मोजपात्र देतो. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल यात ओत, किती मिली निघालं ते सांग, कुठल्या रंगाचं आहे ते सांग. एवढं कळल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर खोक्यातून बाहेर काढायचा नाही, हा आमच्या टेबलावरचा नियम आहे.

चांगल्या कंपनीचा कॉम्प्रेसर स्वतःहून क्वचितच मरतो. तो तेलावाचून मरतो, चुकीच्या तेलानं मरतो, जास्तीच्या तेलानं मरतो, नाहीतर आधीच्या कॉम्प्रेसरचा चुरा खाऊन मरतो. यातलं काय झालं ते न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो, आणि गिऱ्हाईक 'पार्ट डुप्लिकेट लावलात' म्हणत दारात उभं राहतं.

एसीच्या कामात नुकतेच उतरलेल्यांसाठी हे लिहितो आहे. स्वतःची गाडी स्वतः बघायची हौस असलेल्यांनीही वाचावं. फक्त गॅस काढणं आणि भरणं मशीन असलेल्याकडूनच करून घ्या.

आत नेमकं काय घासतं

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत स्वॉश प्लेटवाला कॉम्प्रेसर असतो. शाफ्टवर एक तबकडी तिरकी बसवलेली असते. शाफ्ट फिरला की तबकडी डुलते आणि तिच्या कडेला धरलेले पिस्टन पुढे-मागे होतात. तबकडी आणि पिस्टन यांच्यामध्ये अर्ध्या गोटीसारखे पोलादी तुकडे असतात, त्यांना शू म्हणतात. शूची सपाट बाजू तबकडीवरून घसरते, गोल बाजू पिस्टनच्या खळग्यात बसते. हायवेवर मिनिटाला तीन-चार हजार फेरे, वर गॅसचा दाब, आणि मध्ये फक्त तेलाचा पातळ पापुद्रा. तो पापुद्रा फाटला की धातूला धातू लागतो.

भंगारात टाकण्याआधी एखादा मेलेला कॉम्प्रेसर जरूर खोलून बघा. धडधाकट तबकडीवर शूच्या वाटेचा पट्टा एकसारखा, गुळगुळीत दिसतो. तेल कमी पडलेल्या तबकडीवर त्याच पट्ट्यात बारीक रेघा असतात. डोळ्याला नीट दिसत नाहीत, पण नख फिरवलं की अडकतं. त्यापुढची अवस्था म्हणजे तबकडीवरचा लेप उडालेला, एखाद्या शूला ॲल्युमिनियम लिंपल्यासारखं चिकटलेलं आणि पोलादावर तापून आलेली निळसर-तपकिरी झाक. हे एकदा पाहिलं की 'थोडं तेल कमी असलं तर काय होतं' असं कुणी विचारत नाही.

इंजिनात ऑइल पंप असतो, चेंबर असतो, डिपस्टिक असते. इथे तसा थाट नाही. थोडं तेल कॉम्प्रेसरच्या पोटात राहतं आणि बाकीचं गॅसच्या पाठीवर बसून फिरतं. कंडेन्सर (गरम गॅस गार होऊन द्रव होतो ती जाळी), ड्रायर (ओल शोषणारी बाटली), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (बारीक तोंडातून दाब उतरवणारा), कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी), आणि सक्शन पाइपातून परत घरी. शंभर ग्रॅम गॅसमागं साधारण तीन ते पाच ग्रॅम तेल असं फिरत असतं. म्हणून गॅस कमी झाला की नुसतं कूलिंग कमी होत नाही. तेलाला परत आणणारं वाहनच कमी पडतं. तेल सिस्टिममध्येच असतं, पण कूलिंग कॉइलच्या तळाशी बसून राहतं. शिवाय कॉम्प्रेसर गार होतो तोही परत येणाऱ्या थंड गॅसमुळेच. गॅस कमी म्हणजे तेल कमी आणि उष्णता जास्त, दोन्ही एकदम. लीकेज असलेली गाडी 'अजून थोडं थोडं गार करतेय' म्हणून तशीच चालवणाऱ्यांचे कॉम्प्रेसर उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे येतात ते यामुळे.

एक जुनी गोष्ट माहीत असावी. पूर्वीच्या आर १२ गॅसमध्ये क्लोरीन होतं. घासणाऱ्या पृष्ठभागावर ते धातूशी मिळून एक पातळ थर तयार करायचं, म्हणजे झीज रोखायला गॅसचीही मदत व्हायची. ओझोनच्या प्रश्नामुळे १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, आर १२ हळूहळू गेला आणि आर १३४ए आला. यात क्लोरीन नाही. शिवाय जुनं मिनरल ऑइल यात विरघळत नाही, त्यामुळे ते वाटेतच राहतं, परत येत नाही. म्हणून पॅग नावाचं कृत्रिम तेल आलं आणि झिजेपासून वाचवायची सगळी जबाबदारी त्या तेलावर आणि त्यातल्या रसायनांवर पडली. 'आमच्या वेळी कुठलंही ऑइल चालायचं' असं सांगणारे उस्ताद खोटं बोलत नसतात, त्यांचा काळ वेगळा होता.

पायरी १ : स्टिकर वाचा

बॉनेटखाली एक स्टिकर असतं. त्यावर गॅस कुठला आणि किती ग्रॅम, आणि बऱ्याचदा तेल कुठलं, हे छापलेलं असतं. कॉम्प्रेसरच्या अंगावर आणखी एक लेबल असतं. मॉडेल, गॅस आणि तेल वहीत उतरवून घ्या किंवा फोनमध्ये फोटो काढा.

पॅग ४६, पॅग १००, पॅग १५० यातले आकडे तेलाच्या जाडीचे आहेत, ४० अंश तापमानाला मोजलेल्या. ४६ पातळ, १५० जाड. जाड म्हणजे चांगलं, हा समज दुकानदारांमध्येही आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या कॉम्प्रेसरमधली फट पातळ तेलासाठी घडवली आहे, तिथे जाड तेल वेळेवर पोचत नाही. जाड तेलासाठी घडवलेल्यात पातळ घातलं तर दाबाखाली पापुद्रा टिकत नाही. डेन्सो कंपनीच्या लेबलवर एनडी ऑइल ८ लिहिलेलं असेल तर ते पॅग ४६ च्या वर्गातलं. सॅन्डेनच्या लेबलवर एसपी १० असेल तर तेही तसंच, एसपी २० मात्र पॅग १०० च्या वर्गातलं. लेबल वाचता येत नसेल तर मॉडेल नंबरावरून कंपनीच्या तक्त्यात शोधा. वासावरून, रंगावरून किंवा 'या गाडीला हेच लागतं' अशा ऐकीव ज्ञानावरून तेल ठरवू नका.

पायरी २ : गेज लावा, पण गेजवर विसंबू नका

इंजिन बंद असताना आर १३४ए चा दाब फक्त तापमान सांगतो. ३० अंशाला गेज (दाब मोजायचं घड्याळ) साधारण ९५ ते १०० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवेल. आत २०० ग्रॅम असो की ४५०, आकडा तोच. जोवर आत थोडासा जरी द्रवरूप गॅस आहे, तोवर दाब बदलत नाही. नवीन मुलं इथे हमखास फसतात. 'प्रेशर बरोबर आहे' म्हणतात आणि गाडी सोडून देतात.

गॅस किती होता हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच, तो काढून तोलणं. ४२० ग्रॅमच्या गाडीतून १९० निघाला, तर तो कॉम्प्रेसर किती दिवस अर्धपोटी राबला याचा अंदाज येतो.

इंजिन चालू असताना आवाज ऐका. क्लच सुटल्यावरही आवाज येत असेल तर पुलीच्या बेअरिंगकडे बघा. क्लच लागल्यावरच खरखर येत असेल तर आत बघावं लागणार. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच नसतो, एसी बंद असला तरी शाफ्ट फिरत राहतो. अशा कॉम्प्रेसरला तेलाची उपासमार जास्त भोवते, कारण त्याला सुट्टीच नाही.

पायरी ३ : गॅस सावकाश काढा

व्हॉल्व्हची पिन दाबून फस्सकन गॅस सोडून द्यायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात दोन तोटे. घाईनं सुटलेला गॅस फेसासारखं तेल सोबत घेऊन जातो आणि ते किती गेलं याचा हिशेब राहत नाही. दुसरं म्हणजे आर १३४ए चा तापवण्याचा गुणक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) १४३० धरला तर ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे ५७२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन वापरा. मशीनच्या बाटलीत गॅससोबत आलेलं तेल साठतं, ते किती मिली आहे ते लिहून ठेवा. पुढच्या हिशेबात लागेल.

पायरी ४ : तेल ओता आणि वाचा

कॉम्प्रेसर उतरवला की सक्शन (गॅस आत येतो ते) आणि डिस्चार्ज (बाहेर जातो ते) ही दोन्ही तोंडं खाली करून मोजपात्रावर धरा. ड्रेन प्लग असेल तर तोही काढा. मग शाफ्ट हातानं सावकाश फिरवत राहा. नुसता उलटा करून दोन मिनिटांत उचलला तर निम्मं तेल आतच राहतं. दहा मिनिटं द्या. चहा येईपर्यंत होतं.

आता पात्र उजेडात धरा. तेल पाण्यासारखं स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असेल तर कॉम्प्रेसरचं पोट ठीक आहे, बिघाड क्लच, व्हॉल्व्ह किंवा सीलमध्ये शोधा. हिरवट-पिवळं आणि चमकणारं असेल तर कुणीतरी लीकेज शोधायला डाय, म्हणजे चमकणारा रंग, टाकला आहे. तपकिरी असेल तर तेल तापलं आहे. करडं, आणि पात्र हलवल्यावर चांदीच्या वर्खासारखी चमक दिसली, तर ॲल्युमिनियम झिजतं आहे. काळं, दाट, बोटाला काजळासारखं लागणारं असेल, तर तबकडीवरचा आणि पिस्टनवरचा लेप, धातूचा चुरा आणि जळलेलं तेल यांचा तो काला आहे. आमच्या धंद्यात त्याला सरळ 'काळं' म्हणतात. 'काळं निघालं' म्हटलं की काम दुप्पट झालं असं समजायचं.

शंका असेल तर दोन थेंब पांढऱ्या फिल्टर पेपरवर टाका. तेल पसरत जातं आणि चुरा मधोमध राहतो. खालून चुंबक फिरवा. कण हलले तर पोलाद झिजतं आहे, म्हणजे शू, बेअरिंग किंवा शाफ्ट. हलले नाहीत आणि चमकत असतील तर ॲल्युमिनियम.

आणि मिली. समजा स्टिकरप्रमाणे पूर्ण सिस्टिमला १२० मिली लागतं. धडधाकट गाडीच्या कॉम्प्रेसरमधून साधारण ४०-५० निघेल, बाकीचं बाहेर फिरत असतं. दहा-पंधराच निघालं तर उपासमार. शंभर-सव्वाशे निघालं तर कुणीतरी माया लावली आहे.

एका मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर टूरवर चालणारी एक हॅचबॅक आली. कूलिंग नाही, हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो त्या बाजूला) दाब चढलेला, कॉम्प्रेसर ठकठक करतोय. ड्रायव्हर म्हणाला, 'तीनदा गॅस भरलाय वाटेत, दर वेळी ऑइलवाला डबा मारला त्यांनी.' ऑइलवाला डबा म्हणजे ज्यात गॅससोबत तेलही असतं तो. पूर्ण सिस्टिम मोकळी केली तेव्हा १२० च्या जागी २१० मिली तेल निघालं. जादा तेल कंडेन्सर आणि कॉइलच्या नळ्यांना आतून लेपासारखं बसतं आणि उष्णता अडवतं. शिवाय तेलाचा गोळा कॉम्प्रेसरच्या तोंडी आला तर तो दाबता येत नाही. गॅस दाबला जातो, द्रव नाही. कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हची पातळ पत्ती वाकते किंवा तुटते. त्या गाडीत दोन पत्त्या तुटल्या होत्या.

पायरी ५ : साफसफाई कुठवर

तेल स्वच्छ असेल तर फ्लशिंगच्या, म्हणजे आतून रसायनानं धुण्याच्या, नादी लागू नका. काळं किंवा चमकदार निघालं तर मात्र सुटका नाही.

कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांत फ्लशिंगचं रसायन घालायचं नाही. ड्रायर बदलायचा, व्हॉल्व्हही बदलायचा. पाइप आणि कूलिंग कॉइल एसीसाठीच्याच फ्लशिंग रसायनानं धुवायचे आणि कोरड्या नायट्रोजननं फुंकून पूर्ण वाळवायचे. पेट्रोल, थिनर, डिझेल वापरणारे अजून भेटतात. त्यातलं उरलेलं नव्या तेलात मिसळतं, तेल पातळ होतं, ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) फुगतात आणि आग लागायचा धोका वेगळाच. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवाही नको. ती ओली असते, पावसाळ्यात तर निथळतच असते.

राहिला कंडेन्सर. जुन्या काळी एकच जाड नळी नागमोडी फिरवलेली असायची, ती धुता यायची. आताच्या कंडेन्सरमध्ये चपट्या पट्ट्या आणि त्यात केसासारखी बारीक भोकं असतात, आणि गॅस एका वेळी अनेक पट्ट्यांतून वाहतो. त्यातली पाच भोकं तुंबली तर रसायन बाकीच्या मोकळ्या भोकांतून निघून जातं, तुंबलेली तशीच राहतात. आपल्याला वाटतं रसायन स्वच्छ बाहेर आलं.

हे मी पैसे देऊन शिकलो. गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली होती. गिऱ्हाईक ओळखीचं, हात आखडलेला. काळं निघालेल्या गाडीत मी कॉम्प्रेसर नवा लावला आणि कंडेन्सर 'दोनदा फ्लश केलाय, चालेल' म्हणून जुनाच ठेवला. अकराव्या दिवशी गाडी टो होऊन आली. नवा कॉम्प्रेसर स्वतःच्या खिशातून दिला आणि रात्री तो कंडेन्सर हॅक्सॉनं कापला. चपट्या पट्टीच्या तोंडाशी दातात अडकलेल्या मिसरीसारखा करडा-काळा लगदा बसला होता. टाचणीनं उकरला तर भोकाच्या आकाराची काडी बाहेर आली. तेव्हापासून काळं निघालं की कंडेन्सर नवा, नाहीतर काम दुसरीकडे न्या, असं मी हात जोडून सांगतो.

पायरी ६ : तेलाचा हिशेब

इथे सर्वांत जास्त चुका होतात. नवा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा पूर्ण सिस्टिमचं तेल भरून येतो, तर काही कोरडे किंवा अर्धेच भरलेले येतात. खोक्यावरचा कागद वाचा, आणि कागद काहीही म्हणत असला तरी आतलं तेल काढून मोजाच.

वरचंच उदाहरण घेऊ. पूर्ण सिस्टिम १२० मिली. जुन्यातून ४५ निघालं, रंग चांगला, फ्लशिंग केलं नाही. म्हणजे ७५ मिली अजून पाइप, कॉइल, कंडेन्सरमध्ये आहे. नव्यात १२० आहे आणि तो तसाच बसवला, तर झाले १९५. त्याऐवजी नव्यातलं सगळं काढा आणि परत घालताना ४५ घाला. जुन्याच्या आत भिंतींना जे चिकटून राहिलं त्याचे १० धरा. ड्रायर नवा लावला असेल तर त्याचे आणखी १०. म्हणजे ६५. रिकव्हरी मशीनच्या बाटलीत ५ मिली आलं होतं तर तेही मिळवा, ७०. उरलेलं ५० मिली बाजूला.

कंडेन्सर बदलला तर साधारण ३०-४० मिली, कूलिंग कॉइल बदलली तर ४०-५०, एखादा लांब पाइप बदलला तर १० असा हिशेब धरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर माझा आकडा सोडून तो घ्या. पूर्ण सिस्टिम धुतली असेल तर हिशेब सोपा, पूर्ण १२०. जुन्यातून अगदीच कमी, म्हणजे ३० पेक्षा कमी निघालं तर बऱ्याच मॅन्युअलमध्ये ६० च्या आसपास घालायला सांगतात. पण आधी तेल कुठून गेलं ते शोधा. गॅस गळतो तिथे तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग असतो. कंडेन्सरचे सांधे, पाइपचे जोड आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील, या तीन जागा पहिल्यांदा.

मोजायला मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. डोळ्यांनी 'अर्धा कप' मोजणाऱ्याचे हात कितीही बसलेले असोत, वीस मिलीचा फरक पडतोच, आणि ज्या सिस्टिममध्ये एकूण १२० आहे तिथे वीस म्हणजे सहावा हिस्सा.

तेलाच्या डब्याबद्दल दोन शब्द. पॅग हवेतलं पाणी ओढतं. मिनरल ऑइल पाणी जेमतेम पीपीएममध्ये (दहा लाखांत काही भाग) धरतं, पॅगच्या बाबतीत टक्क्यांत बोलावं लागतं. जुलैत झाकण उघडं ठेवून जेवायला गेलात तर परत आल्यावर त्या तेलाचा भरवसा धरू नका. पाणी शिरलं की आत आम्लं तयार होतात, धातू गंजतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो. म्हणून २५० मिलीचे छोटे पत्र्याचे डबे घ्या. प्लास्टिकच्या बाटलीतून कालांतराने ओल शिरते. पुण्याच्या नाना पेठेत सुटं, मापानं मिळणारं एसी ऑइल स्वस्त पडतं, मी ते घेत नाही. आणि पॅग गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पुसा, रंग खराब होतो.

पायरी ७ : बसवा, हातानं फिरवा, व्हॅक्यूम करा

ओ-रिंगा नव्या, त्यांना त्याच तेलाचं बोट. कॉम्प्रेसर बसवल्यावर बेल्ट चढवण्याआधी शाफ्ट हातानं दहा-बारा वेळा पूर्ण फिरवा. आत ओतलेलं तेल सिलिंडरमध्ये साठलेलं असेल तर ते हळूच बाहेर सरकतं. हे न करता इंजिन चालू केलं तर पहिल्याच फेऱ्याला तेल दाबलं जातं आणि पत्ती जाते. नवा कॉम्प्रेसर पहिल्या मिनिटात मारायचा याहून सोपा मार्ग नाही.

मग नायट्रोजननं लीकेज तपासा आणि व्हॅक्यूम लावा. व्हॅक्यूमचं काम हवा काढणं आणि ओल उकळवून काढणं. ३० अंशाला पाणी उकळायला आतला दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्या खाली जावा लागतो. मुंबईत, समुद्रपातळीला, गेजचा काटा साडेअठ्ठावीस इंचांच्या पुढे गेला तर हे साधतं. पुण्यात मात्र गेज २८ च्या आसपासच थांबतं, महाबळेश्वरात २५-२६ लाच. पंप बिघडलेला नसतो, उंचीमुळे बाहेरचाच दाब कमी असतो. मुंबईत शिकून पुण्यात आलेला आमचा एक मुलगा यावरून दोन दिवस पंपाचं तेल बदलत बसला होता.

पाऊण तास पंप चालू द्या, पावसाळ्यात सिस्टिम उघडी राहिली असेल तर तासभर. मग पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा बघा. घसरत घसरत थेट शून्याकडे आला तर गळती. थोडा येऊन थांबला तर आत ओल आहे, पुन्हा पंप लावा.

पायरी ८ : गॅस आणि पहिली दहा मिनिटं

गॅस वजन करून भरा, स्टिकरवर ४२० असेल तर ४२०. काटा आणि थंड पाइप बघून भरणं ही जुनी पद्धत आहे. कधी जमते, कधी तीच कॉम्प्रेसरच्या मुळावर येते.

इंजिन आयडलवर ठेवा, सगळ्या काचा खाली, ब्लोअर फुल. एसी लावून पाच मिनिटं रेस करू नका. तेलाला पूर्ण फेरी मारून परत यायला वेळ द्या. नव्या क्लचची प्लेट बसावी म्हणून दहा-बारा वेळा एसी चालू-बंद करा. मग इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर नेऊन गेज बघा. ३५ अंशाच्या दुपारी लो साइड ३० ते ४०, हाय साइड २०० ते २५० पीएसआय असेल तर गाडी बाहेर काढायला हरकत नाही. डिस्चार्ज पाइप उघड्या हातानं चाचपू नका, चटका बसतो.

बाटलीतलं 'ट्रीटमेंट'

कॉम्प्रेसरला लागणाऱ्या औषधाबद्दल प्रत्येक नवीन मेकॅनिक विचारतो. छोट्या बाटलीवर लिहिलेलं असतं, झीज थांबवतं, आवाज बंद करतं, कूलिंग वाढवतं.

कंपनीच्या तेलात झीज रोखणारी फॉस्फेट वर्गातली रसायनं आणि आम्ल शोषणारी द्रव्यं आधीच मापात घातलेली असतात. त्यात बाहेरून काही ओतलं की पहिली गोष्ट म्हणजे एकूण मिली वाढतात. दुसरं, बाटलीत काय आहे हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. क्लोरीनवाली रसायनं असतील तर उष्णता आणि ओल मिळाल्यावर आम्ल होऊ शकतं. घन पूड असेल तर ती कुठेतरी जाळीत नाहीतर व्हॉल्व्हमध्ये बसणार. आणि शूवरचा झिजलेला धातू परत उगवत नाही. जाडसर द्रव गेल्यामुळे खरखर काही दिवस दबते, एवढाच अनुभव मी घेतला आहे. तेवढ्यात गाडी विकणाऱ्याचं काम होतं, घेणाऱ्याचं नाही.

पॅग तेलात अतिसूक्ष्म कण मिसळून घर्षण कमी होतं का, यावर प्रयोगशाळांत काम चालू आहे आणि काही निकाल चांगलेही आहेत. पण ते कण वर्षानुवर्षं तेलात तरंगत राहिले पाहिजेत, तळाशी बसता कामा नयेत, ही अडचण आहे. दुकानातल्या बाटलीचा आणि त्या कामाचा संबंध लावू नका.

गळती बंद करणारं सीलंट तर त्याहून वाईट. ते हवा आणि ओल लागली की घट्ट होतं. ओल सिस्टिमच्या आतच असेल तर आतच घट्ट होतं, आणि पुढच्या गॅरेजचं रिकव्हरी मशीनही बंद पाडतं. सर्व प्रकारच्या गॅसला चालणारं युनिव्हर्सल ऑइल हा मधला प्रकार. ते पाणी ओढत नाही हे खरं, पण आर १३४ए मध्ये नीट विरघळतही नाही. लेबलवर दिलेलं तेल बाजारात मिळत असताना मला त्याची गरज कधी पडली नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या

यांचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, उच्च दाबाच्या विजेवर चालतो, आणि मोटरची गुंडाळी त्याच तेलात-गॅसमध्ये असते. इथे वीज न वाहणारं पीओई तेल लागतं, डेन्सोच्या नावात एनडी ऑइल ११. थोडंसं पॅग मिसळलं तरी इन्सुलेशन उतरतं आणि गाडी फॉल्ट दाखवून बंद पडू शकते. साध्या गाडीला लावलेले गेजचे पाइप, डायचं इंजेक्टर आणि मशीनचा होज यांत पॅग असतंच. म्हणून या गाड्यांचा संच वेगळा ठेवा, आणि नारिंगी केबलला प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नका.

परदेशात काम करणाऱ्या आपल्या मुलांना, विशेषतः युरोपात, आर १२३४वायएफ जास्त दिसेल. तिथे २०१७ पासून नव्या कारमध्ये आर १३४ए भरत नाहीत. त्या गॅसचं पॅगही वेगळं येतं. आर १३४ए वालं त्यात चालवायचं नाही.

गाडीमालकाला काय सांगाल

थंडीत एसी लागत नाही म्हणून चार महिने बंद ठेवतात. शाफ्टच्या सीलला तेल मिळत नाही, ते वाळतं आणि मार्चमध्ये गॅस गेलेला असतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावायला सांगा. कूलिंग कमी वाटलं तर नुसतं टॉप-अप न मागता गळती शोधायला सांगा. बाकी त्यांना फारसं करण्यासारखं काही नाही.

काम संपल्यावर बॉनेटखाली, कंपनीच्या स्टिकरशेजारी मी एक कागद चिकटवतो. तारीख, किलोमीटर, गॅस ४२० ग्रॅम, पॅग ४६, कॉम्प्रेसरमध्ये ७० मिली, ड्रायर नवा, कंडेन्सर जुना. वरून पारदर्शक टेप. पुढच्या वेळी गाडी माझ्याकडे येईलच असं नाही, पण जो कुणी कॉम्प्रेसर उतरवेल त्याला मोजपात्रातल्या आकड्याशी ताडून बघायला काहीतरी असतं. स्केच पेननं लिहू नका, बॉनेटच्या उष्णतेनं शाई उडून जाते. साधं बॉलपेन टिकतं.